आधी विरजण, मग मंथन

नव्या मालाचे नाव ठरवायचे असते, माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ उद्या छापखान्यात जायचे असते, किंवा आपल्याच मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण तयार करायचे असते. आणि नेमके तेव्हाच डोके चालेनासे होते. समोर कोरा कागद, हातात गार झालेला चहा, आणि घोडे तिथेच पेंड खात बसते. ऑफिसात असे झाले की त्यावर एक ठरलेला उपाय असतो. आठ-दहा माणसांना एका खोलीत बसवायचे, फळ्यावर प्रश्न लिहायचा, "कुठलीही कल्पना वाईट नसते" असे जाहीर करायचे आणि तासाभराने फळा भरला की ब्रेनस्टॉर्मिंग झाले म्हणून उठायचे.

अशा खोलीत आपल्यापैकी बरेच जण गप्प असतात. मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. घरी परतताना, गाडी हायवेला लागली की मग एकदम काहीतरी झकास सुचते. पण तेव्हा ऐकायला कोणी नसते. असे चार-पाच वेळा झाले की माणूस स्वतःबद्दल एक मत करून घेतो: आपण हिशेबाचे आणि यंत्रांचे लोक, नवे सुचणे हे आपले काम नव्हे. साहेबाचेही तेच मत होते आणि ते बढतीच्या वेळी कळते.

हे मत चुकीचे आहे असे सांगणारा एक इतिहास आहे. तो सुमारे शंभर वर्षांचा आहे, त्याचा मोठा भाग जाहिरातीच्या धंद्यात घडला, आणि त्यातला एक धागा थोडा गमतीने का होईना, भारतापर्यंत येतो.

सुचणे ही एके काळी देवाची कृपा मानली जात असे. प्रतिभा प्रसन्न झाली तर झाली, नाही तर वाट पाहायची. या समजुतीला पहिला धक्का दिला तो शास्त्रज्ञांनी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८९१ साली सत्तराव्या वाढदिवसाच्या भाषणात सांगितले, की आपल्याला चांगल्या कल्पना लिहिण्याच्या टेबलापाशी कधी सुचल्या नाहीत. उन्हाच्या दिवशी झाडीतल्या टेकड्या सावकाश चढताना त्या आल्या. मात्र त्याआधी प्रश्न सर्व बाजूंनी उलटसुलट करून झालेला असावा लागे, हेही त्यांनी सांगितले. फ्रेंच गणिती प्वाँकारे यांनी १९०८ साली पॅरिसच्या व्याख्यानात असाच अनुभव कथन केला. कूतांस या गावी सहलीच्या बसमध्ये चढण्यासाठी पायरीवर पाऊल ठेवले, आणि गणिताचा विचारही मनात नसताना कित्येक दिवस छळणाऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला.

लंडनच्या ग्रॅहम वॉलस यांनी हे अनुभव एकत्र करून १९२६ साली 'द आर्ट ऑफ थॉट' हे पुस्तक लिहिले. त्यांनी विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, मुरणे, उलगडा आणि पडताळा. यातली दुसरी पायरी महत्त्वाची. ती बाहेरून आळसासारखी दिसते, पण काम तेव्हाही चालू असते.

आपल्या आयांना हे पुस्तक वाचायची गरज नव्हती. दूध तापवायचे, कोमट झाले की विरजण लावायचे, आणि रात्रभर त्याला हात लावायचा नाही. सकाळी दही लागले की मग रवी. बिनविरजलेले दूध कितीही घुसळले तरी फेसच येतो.

टेकड्या चढायला शास्त्रज्ञाला वेळ असतो, जाहिरातवाल्याला नसतो. त्याला शुक्रवारी संध्याकाळी मजकूर द्यायचा असतो. त्यामुळे सुचण्याची काही रीत बसवता येईल का, हा प्रश्न या धंद्यात फार निकडीचा होता. जे. वॉल्टर थॉम्पसन या कंपनीत नाव कमावलेले जेम्स वेब यंग यांनी शिकागो विद्यापीठात विद्यार्थ्यांना हीच रीत समजावून सांगितली आणि १९४० च्या सुमारास ती छोट्या पुस्तकाच्या रूपात आली: 'अ टेक्निक फॉर प्रोड्युसिंग आयडियाज'. एका बैठकीत संपणारे हे पुस्तक आजही छापले जाते.

यंग यांचे म्हणणे साधे होते. नवी कल्पना म्हणजे जुन्याच गोष्टींची नवी जुळणी. म्हणून आधी गोष्टी गोळा करा: काही त्या मालाबद्दलच्या, काही सगळ्या जगाबद्दलच्या. त्यांची मनात उलटापालट करा. डोके थकले की सगळे सोडून गाण्याला जा, नाटकाला जा. मग कल्पना आपण होऊन येईल, बहुतेक भलत्याच वेळी. शेवटी तिला चार शहाण्या माणसांसमोर ठेवून घासूनपुसून घ्या.

पहिल्याच पायरीत बहुतेक लोक कामचुकारपणा करतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले आहे. एका साबणाची जाहिरात करायची होती. साबणाबद्दल सांगून झाले नाही असे उरले तरी काय? शेवटी साबणाचा त्वचेशी आणि केसांशी असलेला संबंध नीट अभ्यासायला घेतला, त्याचा जाडजूड अहवाल झाला आणि त्या अहवालातून पाच वर्षे पुरतील एवढ्या जाहिराती सुचल्या. त्या काळात साबणाची विक्री दहापट झाली. आपल्याला वाटते की डोके अडले आहे. पुष्कळदा डोके ठीक असते, कोठार रिकामे असते.

१९४७ साली न्यूयॉर्कमधले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी लेखकाच्या या अवस्थेला 'रायटर्स ब्लॉक' हे नाव दिले आणि तिची मुळे बालपणात शोधली. जाहिरातवाल्यांनी मात्र बालपणापर्यंत जाण्याऐवजी खोली बदलून पाहिली. त्यातले सर्वात प्रसिद्ध नाव अॅलेक्स ऑसबॉर्न यांचे.

ऑसबॉर्न हे बीबीडीओ या बड्या जाहिरात कंपनीचे एक संस्थापक. त्यांच्या नावातला 'ओ' त्या चार अक्षरांच्या शेवटी बसला आहे. सभांमध्ये कोणी काही सुचवले की लगेच दुसरा त्यातली खोट काढतो आणि हळूहळू सुचवणारे गप्प होतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या कंपनीत वेगळ्या सभा सुरू केल्या. त्यांचे नियम चार: टीका नंतर, कल्पना जितकी अचाट तितकी चांगली, संख्या हवी, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायला मुभा. सहभागी मंडळींनीच या सभांना 'ब्रेनस्टॉर्म' हे नाव ठेवले. १९४८ साली 'युअर क्रिएटिव्ह पॉवर' आणि १९५३ साली 'अप्लाइड इमॅजिनेशन' ही त्यांची पुस्तके आली, आणि पाहता पाहता कारखाने, लष्कर, शाळा सगळीकडे डोक्यात वादळे उठू लागली.

याच दुसऱ्या पुस्तकात भारताचा तो धागा आहे. ऑसबॉर्न लिहितात, की ही पद्धत अगदीच नवी नाही. भारतातले हिंदू गुरू चारशेहून अधिक वर्षे तशीच पद्धत वापरत आले असून तिचे नाव 'प्राय-बर्शना'. त्यांनी अर्थही दिला आहे: 'प्राय' म्हणजे स्वतःच्या बाहेर आणि 'बर्शना' म्हणजे प्रश्न. हे वाचून आपण जरा चक्रावतो. असा शब्द ना मराठीत ऐकलेला, ना संस्कृतात. पण मोठ्याने दोनदा म्हणून पाहा. माझ्या कानाला त्यात 'परिप्रश्न' ऐकू येतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना आलेला हा शब्द कुणीतरी कुणालातरी सांगितला असावा आणि अमेरिकेच्या वाटेवर त्याचे रूप पालटले असावे, असा माझा तर्क आहे. 'पटेल'चे 'पटेऽल' झालेले ऐकणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये.

ते असो. पद्धत चालते का, हा खरा प्रश्न होता. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी ती तपासली. चौघाचौघांचे बारा गट केले आणि अठ्ठेचाळीस जणांना एकेकटे बसवले. प्रश्न दोघांनाही तेच, नियमही ऑसबॉर्न यांचेच. एकट्याने काम केलेल्यांच्या मग कागदावर चार-चारच्या टोळ्या केल्या आणि समान कल्पना एकदाच मोजल्या. या कागदी टोळ्यांच्या कल्पना खऱ्या गटांपेक्षा जवळजवळ दुप्पट भरल्या, आणि दर्जाही कमी नव्हता.

विद्यार्थ्यांचे सोडा, धंद्यातल्या माणसांचे काय? १९६३ साली डनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटाच्या थ्रीएम कंपनीत हाच प्रयोग केला. अठ्ठेचाळीस संशोधक आणि अठ्ठेचाळीस जाहिरात विभागातली माणसे. चोवीसपैकी तेवीस गटांतल्या लोकांना एकत्र बसल्यापेक्षा एकेकटे असताना अधिक सुचले.

याचे एक मोठे कारण १९८७ साली ट्युबिंगेन विद्यापीठातल्या डील आणि श्ट्रोबे यांनी दाखवले. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत कल्पना धरून बसतात, तेवढ्यात ती विसरतात, किंवा तिला धरून ठेवण्याच्या नादात पुढची सुचत नाही. त्यांनी लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आणि दिव्याने खूण झाली तरच बोलायचे असा नियम केला. समोर टीका करायला कोणी नव्हते, तरीही कल्पना घटल्या. म्हणजे पाळीची वाट पाहण्यानेच डोके अडते. मीटिंगमध्ये मनातल्या मनात वाक्य जुळवत बसलेल्या माणसाचे नेमके हेच होते, आणि तो दोष स्वतःच्या डोक्याला देतो.

ऑसबॉर्न यांच्यावर मात्र अन्याय नको. आधी एकेकट्याने विचार, मग गट, मग पुन्हा एकेकट्याने, असा तिहेरी क्रम त्यांनीच सांगितला होता. लोकांनी मधला तास तेवढा उचलला आणि मागचे-पुढचे टाकून दिले.

जाहिरातीत दुसरी एक वाट निघाली ती दोघांची. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल बर्नबाख यांनी चित्रकार पॉल रँड यांच्या बरोबर काम केले होते. त्या काळी लेखक मजकूर लिहून चित्रकाराकडे धाडून देई आणि तो चौकटीत बसवणे एवढेच चित्रकाराचे काम. बर्नबाख यांनी १९४९ साली डॉइल आणि डेन यांच्या सोबत स्वतःची कंपनी काढली तेव्हा लेखक आणि चित्रकार यांना पहिल्यापासून एकत्र बसवले. १९५९ साली तिथल्या हेल्मुट क्रोन आणि ज्युलियन कोनिग या जोडीने फोक्सवॅगनच्या चिमुकल्या गाडीची 'थिंक स्मॉल' ही जाहिरात केली: मोकळे पांढरे पान आणि कोपऱ्यात एवढीशी गाडी. १९९९ साली 'अॅडव्हर्टायझिंग एज' नियतकालिकाने ही मोहीम शतकातली पहिल्या क्रमांकाची ठरवली. त्याआधी कंपनीची मंडळी वुल्फ्सबर्गच्या कारखान्यात जाऊन ती गाडी कशी बनते हे पाहून आली होती. विरजण तिथे लागले होते.

मिल्टन ग्लेझर यांची गोष्ट पुढची. न्यूयॉर्क शहर १९७५ साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. पर्यटक यावेत म्हणून राज्य सरकारला एक बोधचिन्ह हवे होते. ग्लेझर यांनी ते करून दिले, मंजूरही झाले. पण प्रश्न मनात मुरतच होता. काही दिवसांनी टॅक्सीत मागे बसलेले असताना त्यांनी लाल खडूने एका पाकिटावर एक अक्षर, एक बदाम आणि दोन अक्षरे काढली. आधीचे मंजूर चित्र मागे पडले. ते पाकीट आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. प्वाँकारेंना बस भेटली, ग्लेझरना टॅक्सी.

आणि एक आपल्या ओळखीचे उदाहरण. लोणी हे लोणीच. त्याबद्दल रोज नवे काय सांगणार? १९६६ साली मुंबईत सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी जन्माला घातली. पुढे तिच्या फलकांचा विषय लोण्याऐवजी चालू घडामोडी झाला. क्रिकेट, निवडणूक, संप, सिनेमा: कोठार रोजचे वर्तमानपत्रच भरू लागले. सगळ्या जगाबद्दलच्या गोष्टी गोळा करा, असे यंग म्हणाले होते ते हेच. म्हणून मुलगी तीच राहिली आणि विषय मात्र संपला नाही.

ब्रेनस्टॉर्मिंगला आपण मराठीत 'विचारमंथन' म्हणतो. मूळ शब्दापेक्षा हा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. वादळाला पूर्वतयारी लागत नाही, मंथनाला लागते. पुढच्या वेळी मीटिंगचे बोलावणे आले की प्रश्न एक दिवस आधी मागून घ्यावा. त्याबद्दल मिळेल ते वाचावे, माल वापरणाऱ्या दोन माणसांना भेटावे, सुचेल ते एकट्याने कागदावर उतरवावे आणि झोपावे. बैठकीत तो कागद सगळ्यांच्या हाती द्यावा. म्हणजे बोलण्याच्या शर्यतीत धावावे लागत नाही. तुमच्या हाताखाली माणसे असतील, तर पहिली दहा मिनिटे सर्वांना गप्प बसून लिहायला सांगा. कोपऱ्यातल्या माणसाने काय लिहिले ते पाहा.

आणि इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांबद्दलही. वर्गात हात वर करत नाही, असा शेरा शाळेतून आला तर घाबरून जाऊ नये. घरी आल्यावर त्याला विचारावे, आज काय प्रश्न होता? बहुधा त्याचे उत्तर तेव्हा तयार असते.