पेटी एक, माणसे दोन: यहुदी दानपेटीची कुळकथा

पूर्व युरोपातल्या यहुदी घरांत भिंतीला टांगलेला किंवा फडताळावर ठेवलेला एक लहानसा पत्र्याचा डबा असे. त्याच्या झाकणाला नाण्यापुरती फट असे आणि यिद्दिश भाषेत त्याला ‘पुश्के’ म्हणत. शब्बाथ लागल्यावर पैशाला हात लावायचा नसल्याने शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वीच घरची बाई त्यात नाणे टाके. या डब्याचे कूळ शोधत मागे गेले, तर दयेच्या आधी संशय भेटतो.

बायबलमधल्या ‘राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, १२व्या अध्यायात, यहुदाचा राजा योवाश याची हकीकत आहे. काळ इ.स.पू. नववे शतक. मंदिराच्या डागडुजीसाठी याजकांकडे पैसा जमा होत होता, तरी राजाच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत काम काही झाले नव्हते. अखेर यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीशेजारी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि महायाजक दोघे मिळून पैसे मोजत. गोरगरिबांचा यात कुठेही संबंध नाही. पण आत टाकलेला पैसा एकट्याच्या हाती लागू नये, ही युक्ती इथली.

पुढे जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिरात शिंगाच्या आकाराच्या १३ पेट्या होत्या. भामट्यांना हात घालता येऊ नये म्हणून त्यांचे तोंड अरुंद आणि तळ रुंद असे, असा खुलासा प्राचीन रब्बींनीच केला आहे. या आकारावरून एक वाद निघाला. दान देताना पुढे कर्णा वाजवू नका, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. हा कर्णा म्हणजे या शिंगपेट्याच आणि त्याचा नाद म्हणजे नाणी मुद्दाम खणखणत टाकण्याचा आवाज, असे काही अभ्यासक मानतात. तर्क मोहक आहे, पण लंगडा. पेट्या मंदिरात होत्या आणि ते वचन सभास्थाने व रस्ते यांबद्दल बोलते. आपण डांगोरा पिटणे म्हणतो त्याच चालीचे ते बोलणे असावे, हे मत अधिक पटते. निनावी दानाची सोय मंदिरात वेगळीच होती: एका ‘गुप्त खोली’त देणारे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरचे पण गरिबीत आलेले लोक गुपचूप घेऊन जात.

इ.स. ७० मध्ये मंदिर गेले. गावोगावचा ‘कुप्पा’ हा दाननिधी चालत राहिला. त्यातून गावच्या गरिबांना दर शुक्रवारी आठवड्याचा खर्च मिळे. ‘तमहुई’ म्हणजे कोणाही भुकेल्यासाठी रोज जमवायचे अन्न. कुप्प्याची वर्गणी दोघांनी मिळून गोळा करायची आणि तिघांनी वाटायची. वर्गणीसाठी फिरताना दोघांनी एकमेकांपासून दूर जायचे नाही. वाटेत एखाद्याला पैसे सापडले तरी ते खिशात घालायचे नाहीत. कुप्प्यात टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. बघणाऱ्याला शंका येता कामा नये.

हे ‘दोघे’ आले कुठून? रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेले तालमूद त्यासाठी बायबलच्या निर्गम ग्रंथातल्या सोने घेणाऱ्यांच्या अनेकवचनी क्रियापदाचा आधार देते. हा आधार ओढूनताणून आणलेला वाटतो. योवाशाच्या पेटीपाशी दोघे उभे आहेतच. शिवाय त्याच चर्चेत, पुढच्याच पानावर, दान गोळा करणाऱ्यांकडून हिशेब मागू नये या नियमासाठी रब्बी ‘राजे’तला हाच अध्याय पुढे करतात: कामगारांना मजुरी देणाऱ्यांकडून हिशेब घेतला नव्हता, कारण ते सचोटीने वागत. म्हणजे ती पेटी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दोघांची जोडी तिथूनच उतरली असावी.

गावकऱ्यांना कुप्प्याचा पैसा तमहुईकडे आणि तमहुईचा कुप्प्याकडे वळवता येई. बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिदेस लिहितो की कुप्पा नसलेला यहुदी समाज त्याने पाहिला नाही की ऐकला नाही.

‘पुश्के’ हे नाव मात्र पोलिश ‘पुश्का’ म्हणजे डबा, यावरून आले. मागे जर्मन, लॅटिन आणि ग्रीक ‘पिक्सिस’ असा प्रवास आहे. जर्मनमधून ते थेट आले असे म्हणणाऱ्यांपुढे एक अडचण आहे: जर्मन शब्दाचा सरळ वंशज यिद्दिशमध्ये ‘बिक्स’ आहे आणि त्याचा अर्थ बंदूक.

घराघरांतल्या पेट्यांत रब्बी मेईर बआल हानेस यांच्या नावाची पेटी विशेष प्रसिद्ध. तिचा पैसा पवित्र भूमीतल्या गरिबांसाठी जाई. १९०१ मध्ये ज्यू नॅशनल फंड स्थापन झाला आणि त्याने जमीनखरेदीसाठी निळा डबा घरोघरी पोहोचवला.