अभ्यासक्रमात नसलेला प्रश्न

परवा भाचा सहकुटुंब येऊन गेला. जेवणं झाली आणि गप्पा इंटरनेटवर घसरल्या. तो म्हणाला, "मामा, सरकारने वाईट साइट्स बंद केल्या तर बिघडलं कुठे? आपण चहा गाळूनच पितो ना?" तेव्हा मी हसून विषय सोडून दिला. रात्री मात्र झोप लागेना. चहा गाळल्यावर गाळणीत काय राहिलं ते आपल्याला दिसतं, सरकारच्या गाळणीत काय राहिलं ते दिसत नाही, हे उत्तर मला सुचलं ते सगळे गेल्यावर! आणि त्याबरोबर एक जुनी गोष्टही आठवली. मंडळी, ती कधी घरीसुद्धा सांगितलेली नाही.

१९७५ चा जुलै महिना. मला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. नववीच्या वर्गावर देशी वृत्तपत्रांचा कायदा शिकवत होतो. लॉर्ड लिटनने तो मार्च १८७८ मध्ये आणला. एकीकडे दुष्काळात लाखो माणसं मेलेली, दुसरीकडे दिल्ली दरबाराचा थाट, आणि देशी भाषांतली पत्रं त्यावर बोचरं लिहीत होती. या कायद्याने मॅजिस्ट्रेट छापखानदाराकडून जामीन मागू शकत असे, छापखाना जप्त करू शकत असे, आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही. यातून सुटका हवी असेल तर मजकुराची प्रुफं आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायची. इंग्रजी पत्रांना मात्र हा कायदा लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने बंगाली सोडून पूर्ण इंग्रजी अवतार घेतला. हे सांगताना वर्ग हमखास हसायचा. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या काळात कायदा रद्द झाला, असं सांगून मी फळा पुसायला वळलो.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, मग आत्ताचं काय?"

२५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली होती. वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नव्हती. २८ जूनला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही. बस खाली."

मला कोणी ताकीद दिली नव्हती की वर्गात कोणी अधिकारी बसला नव्हता. माझा सेन्सॉर मीच झालो होतो. सेन्सॉरशिपचं खरं काम हे असं चालतं, हे मी त्या दिवशी स्वतःवरून शिकलो.

सगळेच माझ्यासारखे नव्हते. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या, पुढे त्यांना अटकही झाली. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मसानी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारवर टीका केली एवढ्यावरून मजकूर अडवता येत नाही, सेन्सॉरनेही कायद्याच्या चौकटीतच वागायला हवं, असा त्याचा आशय.

आता इंटरनेटकडे येतो. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर लगेच सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी ती पानं नेमकी वेगळी न काढता ब्लॉगस्पॉटसारखी ठिकाणं अख्खीच बंद करून टाकली. वाड्यातल्या एका बिऱ्हाडकरूबद्दल तक्रार आली म्हणून दिंडी दरवाजालाच कुलूप! स्वयंपाकाच्या कृती लिहिणारे, कविता लिहिणारे, सगळेच आत अडकले. काही दिवसांनी कुलूप निघालं.

पुढे २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातली नवी कलमं लागू झाली. ६६अ खाली त्रासदायक वाटणाऱ्या मजकुरासाठी अटक करता येई. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, ती आपल्याला आठवत असेल. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं 'लाइक' केलं होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. पण साइट्स बंद करण्याचा अधिकार देणारं ६९अ कायम राहिलं. कारणं लेखी नोंदवावी लागतात, न्यायालयात दाद मागता येते, असं न्यायालयाने त्याच्या बाजूने म्हटलं. मात्र त्याच्याच नियमांत तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवण्याचीही तरतूद आहे. कारण कागदावर आहे, पण कागदच दाखवायचा नाही, तर दाद मागायची कशाच्या आधारावर?

मला खटकतं ते इथेच. १९७५ ची कोरी जागा निदान दिसत होती. वाचकाला कळत होतं की इथे काहीतरी होतं. आज पान उघडत नाही तेव्हा आपण म्हणतो, नेट स्लो असेल.

भाच्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. लहान मुलांवरच्या अत्याचारांची चित्रं काढून टाकलीच पाहिजेत, दंगल पेटवणारी अफवा रोखलीच पाहिजे. पण आदेश जाहीर हवा, नेमक्या पानापुरता हवा, लिहिणाऱ्याचं म्हणणं ऐकलेलं हवं. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितलं. तोच नियम साइट्सनाही का नको? गाळणी ठेवा, पण गाळ दाखवा.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पासष्टीच्या घरात असेल. नंतर त्याने माझ्या तासाला कधी प्रश्न विचारला नाही. वर्षभर तो गप्प बसून वही उतरवून घेत राहिला. त्याला चांगले मार्क पडले, आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्तणूक उत्तम' असा शेरा लिहिला.

तो शेरा मला आजही बोचतो.