गोधडीसाठी एक जुने यंत्र

आईच्या वर्षश्राद्धाचा मिस्सा झाल्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी तिची लाकडी पेटी उघडली. आत अकरा लुगडी निघाली. काही कोऱ्यासारखी होती, काही इतकी विरलेली की उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसावी. वाटून घेण्यात अर्थ नव्हता. आम्ही लुगडे नेसत नाही आणि आमच्या मुली तर नाहीच नाही. तेव्हा असे ठरले की आईच्या पाचही नातवंडांना या लुगड्यांची एकेक गोधडी शिवून द्यावी.

ठरवणे सोपे होते. आमच्यातल्या थोरलीच्या बोटांत संधिवात शिरलेला आणि धाकटीच्या डोळ्यांचे नुकतेच ऑपरेशन झालेले. हाताने धावदोरा घालून एक गोधडी पुरी करायला आईला सवड काढून काढून अख्खा पावसाळा लागे. त्या हिशेबाने आमचे पाच पावसाळे गेले असते, आणि या वयात पाच पावसाळ्यांचा हिशेब कोणी छातीठोकपणे मांडू नये. घरात भाचीचे विजेवर चालणारे हलके नवे मशीन होते. ब्लाऊज, पडदे यांना ते उत्तम. परंतु लुगड्याचे दोन पदर आणि मध्ये जुन्या चादरींचे चार थर त्याच्याखाली घातले तेव्हा ते दोन टाके पुढे गेले आणि अडले. मग आम्ही जुने, काळे, ओतीव लोखंडाचे पायमशीन शोधायला निघालो.

या शोधात पहिली गोष्ट जी ध्यानात आली तिने आम्हांला अस्वस्थ केले. जुन्या सामानाच्या बाजारात मशीनपेक्षा त्याच्या लोखंडी पायांना अधिक किंमत आहे. त्या नक्षीदार पायांवर काच किंवा संगमरवर बसवून हॉटेलांसाठी आणि दिवाणखान्यांसाठी टेबले करतात. एका दुकानात वरची यंत्रे कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेली आम्ही पाहिली. धूळ झटकली तर काळ्या रंगावर सोनेरी स्फिंक्सची आकृती दिसू लागली. मिसर देशातला हा अर्धा सिंह, अर्धी स्त्री कोकणपट्टीतल्या किती घरांत मशीनवर बसून होती, आणि लहानपणी तिला पाहून आम्ही किती तर्क केले होते! दुकानदार म्हणाला, "वरचा भाग हवा तर भंगाराच्या भावाने घेऊन जा, पाय मिळणार नाहीत." पाय नसलेले पायमशीन घेऊन आम्ही काय करणार? परत आलो.

जुने शिवणयंत्र मोडून टाकण्याची ही रीत आजची नाही, असे पुढे वाचनात आले. तिचे मूळ शोधायचे तर या यंत्राच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

शिवणयंत्र एका माणसाने लावलेला शोध नव्हे. फ्रान्समधल्या बार्थेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये लष्कराचे गणवेश शिवण्याचा कारखाना उभारला. आपली रोजी जाईल या भयाने तिथल्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडून टाकली. पुढे १८५७ साली तो दारिद्र्यातच वारला. अमेरिकेत एलायस होव याने १८४६ साली दोन धाग्यांनी अडकणाऱ्या टाक्याचे पेटंट मिळवले. आयझॅक सिंगर या फिरत्या नाटकमंडळीतल्या नटाने बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या यंत्रांतले दोष पाहून आपले यंत्र जुळवले आणि १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याचे पेटंट घेतले. मग कोर्टकचेऱ्या झाल्या. होवने सिंगरला खेचले, आणि शेवटी १८५६ साली मोठ्या कारखानदारांनी आपापली पेटंटे एकत्र करून तंटा मिटवला.

गांधीजींच्या मनात या सिंगरविषयी एक गोड समजूत होती. यंत्रांविषयी १९२४ साली झालेल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले. हाताने शिवताना पत्नीला होणारे कष्ट पाहून, केवळ तिच्या प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र केले, अशी त्यांची धारणा होती. खऱ्या सिंगरचा संसार एका घरात मावणारा नव्हता. निरनिराळ्या स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक मुले झाली, आणि यंत्राच्या मागे प्रेमापेक्षा पैशाचाच विचार होता. तरीही गांधीजींनी यंत्राची पारख चुकवली असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी ओळखले ते हे की, हे यंत्र घरात राहते, माणसाच्या पायावर चालते आणि त्याच्या इच्छेने थांबते.

व्यापाराची खरी अक्कल सिंगरची नव्हे, त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क या वकिलाची. शंभर डॉलरच्या वर किंमत असलेले यंत्र सामान्य घराला एकरकमी परवडणे शक्य नव्हते. क्लार्कने १८५६ च्या सुमारास हप्त्यांची पद्धत सुरू केली. थोडे पैसे द्या, यंत्र घरी न्या, शिवा, आणि महिन्याच्या महिन्याला उरलेले फेडा. त्याच सुमारास त्याने आणखी एक युक्ती काढली. कोणत्याही कंपनीचे कसलेही जुने यंत्र आणून द्या, नव्या सिंगरच्या किमतीत पन्नास डॉलर सूट घ्या. लोकांनी जुनी यंत्रे आणून दिली. कंपनीने ती दुरुस्त करून विकली नाहीत. ती मोडून टाकली. जुन्या यंत्रांचा बाजारच उभा राहू नये, हा त्यामागचा हिशेब. ज्या बाईला नवे झेपत नाही तिला जुनेही मिळू नये, म्हणजे ती हप्त्यावर का होईना, नवेच घेईल! हे वाचले तेव्हा त्या कोपऱ्यातल्या स्फिंक्स आम्हांला पुन्हा आठवल्या.

आपल्या देशात मात्र क्लार्कची ही युक्ती चालती ना. इथे वस्तू टाकण्याची चाल नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचा हिंदुस्थानातला व्यापार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. हप्त्यांची पद्धत त्यांनी इथेही आणली. प्रथम यंत्र घेतले ते दर्ज्यांनी, म्हणजे पुरुषांनी. बाजारपेठेतल्या दुकानाच्या ओट्यावर मशीन ठेवून बसलेला शिंपी हे चित्र त्या काळापासूनचे. घरात, बाईच्या हाती ते यायला थोडा वेळ लागला. ख्रिस्ती आणि पारशी घरांत ते त्यातल्या त्यात लवकर आले. मग मुलीच्या लग्नात मशीन देण्याची पद्धत पडली. भांडी वाटली जातात, दागिने मोडले जातात, पण मशीन बाईचे ते बाईचेच, अशी समजूत आमच्या लहानपणापर्यंत टिकून होती.

युद्ध आले आणि परदेशी माल दुर्मिळ झाला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. कलकत्त्यात १९३५ साली सुरू झालेल्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे मशीन तोवर बाजारात आले होते. पुढे लाला श्रीराम यांनी हा कारखाना चालवला आणि त्यांच्या मुलीचे 'उषा' हे नाव मशीनवरून घरोघर गेले. लुधियानाच्या छोट्या कारखान्यांतूनही मशीन आणि सुटे भाग निघू लागले. ही देशी काळी मशीन बहुतांशी सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. आम्हांला हे कळणे फार उपयोगाचे ठरले. ज्या जुन्या मशीनमध्ये होडीसारखे लांबट शटल पुढे-मागे हलते, त्याची लांब बॉबिन आता शोधावी लागते. पंधरा क्रमांकाच्या नमुन्याची गोल बॉबिन कोणत्याही गावच्या बाजारात मिळते. तेव्हा आमचे ठरले: मशीन जुने, पण बॉबिन गोल.

ते मिळाले वसईतल्याच एका वाडीत, पडवीत, गोणपाटाखाली. मालकीण सत्तरीच्या पुढच्या. नवरा लवकर गेला तेव्हा याच मशीनवर त्यांनी पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, लग्नाचे गाऊन शिवून तीन मुलांना वाढवले. मुलगा आता घर नवे बांधणार होता आणि मशीनला जागा नव्हती. पाय मागायला एक गिऱ्हाईक आधीच येऊन गेले होते. आम्ही देऊ त्यापेक्षा त्याची बोली अधिक होती. मावशींनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "शिवायला नेताय की टेबल करायला?" आम्ही आईच्या लुगड्यांची हकीकत सांगितली. त्या उठून आत गेल्या आणि बॉबिनचा डबा, तेलाची कुपी, पेचकस असे सारे घेऊन आल्या. मुलगा काहीसा नाराज दिसला. त्याचेही चुकले असे म्हणता येत नाही. घर बांधणाऱ्याला प्रत्येक रुपया मोजावा लागतो.

चाक हलत नव्हते. वर्षानुवर्षे साचलेले तेल गोंदासारखे घट्ट झाले होते, एवढेच. घरी आणून प्रत्येक छिद्रात रॉकेलचे थेंब सोडले, रात्रभर तसेच ठेवले, आणि सकाळी चाक आपल्याकडे फिरवले तसे ते कुरकुरत वळले. फडके फिरवल्यावर क्रमांक दिसला. त्याची सुरुवात 'वाय' या अक्षराने होती. हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथल्या सिंगर कारखान्याचे, आणि १९२० नंतरच्या काळाचे. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. १९११ साली तिथल्या दहा-अकरा हजार कामगारांनी, ज्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, वाढवलेल्या कामाविरुद्ध संप केला आणि हार पत्करली. १९१३ साली याच कारखान्यातून वर्षाला दहा लाखांच्या वर यंत्रे बाहेर पडत होती. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँक बेचिराख केले तेव्हा कारखान्याचे लाकडाचे कोठार जळाले. १९८० साली कारखाना बंद पडला. त्या गावच्या एका रेल्वे स्थानकाला 'सिंगर' हे नाव तेवढे अद्याप आहे. कारखाना गेला, आणि त्याने केलेले मशीन वसईच्या पडवीत नुसत्या रॉकेलने जागे झाले.

आता गोधडीविषयी. गोधडी हे गरिबाचे पांघरूण. तिचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, कारण वापरून विरली की ती पुढच्या गोधडीच्या पोटात जाते. देशावर तिला वाकळ म्हणतात. तिचीच एक बहीण उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या रानात आहे आणि आपल्या वाचकांना तिची ओळख असायला हवी. तिथे आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून घाट चढून गेले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि कॅथलिकही आहेत. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांच्या रंगीत तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंडी म्हणतात. कॅथलिक बाई तीत क्रूस घालते. काम कडेपासून सुरू होते आणि धावदोरा चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत येतो. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. फुलांवाचून कवंडी उघडी दिसते, असे त्या मानतात.

आमची आईही कडेपासूनच आत येई. आम्ही तसेच करायला गेलो आणि पहिल्याच गोधडीच्या मध्यभागी हे एवढे पोट सुटले. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे रेंगाळतो. कडा आधी बांधल्या की जादा कापडाला पळायला जागा उरत नाही. सारे उसवले. मग मोठ्या टाक्यांनी थर आधी एकमेकांना धरून ठेवले आणि मशीन मध्यावरून सुरू करून बाहेरच्या बाजूला गेलो. दाब सैल केला, सुई अठरा नंबरची घातली, टाका लांब ठेवला. सुई आणि खांब यांच्यामध्ये जेमतेम सात-आठ इंचांची जागा; तेवढ्यातून अर्धी गोधडी गुंडाळी करून न्यायची. थोरली पायडल मारी, धाकटी पलीकडे उभी राहून गुंडाळी सांभाळी. दुपारच्या वेळी भांडणही पुष्कळ झाले.

मशीनची शिवण हाताच्या धावदोऱ्यासारखी नाही, हे कबूल केले पाहिजे. हाताच्या गोधडीला जी बारीक सुरकुती पडते आणि जिच्यामुळे ती अंगाला चिकटून बसते, ती आमच्या गोधड्यांना नाही. त्या थोड्या ताठ आहेत. धुतल्यावर मऊ होतील.

चौथी गोधडी मशीनवर असताना मावशी नातवाबरोबर आल्या. चहा नको म्हणाल्या. उभ्या उभ्याच शिवणीवरून बोट फिरवले, कापड उलटून खालचा दोरा पाहिला आणि म्हणाल्या, "वरचा ताण जास्त ठेवलाय, दोरा तुटेल." खुर्ची ओढून बसल्या, ताणाचा स्क्रू अर्धा वेढा सैल केला आणि ती ओळ शेवटपर्यंत त्यांनीच शिवली.