आधी शाळा, मग संघ

सहकार म्हटला की भागभांडवल, कर्ज, यंत्रे या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. एकमेकांवर सहसा विश्वास न टाकणारी लहान शेतकरी मंडळी मुळात एकत्र आली कशी, हा प्रश्न मात्र मागे पडतो. डेन्मार्कच्या इतिहासात त्याचे एक उत्तर सापडते असे आम्हांस वाटते.

१८६४ साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्क हरला आणि दक्षिणेकडील श्लेस्विग, होल्स्टाइन हे प्रांत गमावून बसला. पुढील दशकांत समुद्रापलीकडचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊन पडू लागले व भाव कोसळले. तेव्हा डॅनिश शेतकरी धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना घालून लोणी विकू लागला. पण चांगला भाव मिळे तो मोठ्या जमीनदारांच्या लोण्याला. ज्याच्या दावणीला तीनचार गाई, त्याचे घरी घुसळलेले लोणी एका प्रतीचे नसे. व्यापारी देईल ती किंमत घेऊन त्याला परतावे लागे.

१८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिला सहकारी दूधसंघ काढला. सायीचे यंत्र नुकतेच निघाले होते; त्यामुळे अनेक घरांचे दूध एकत्र करून एका प्रतीचे लोणी काढणे शक्य झाले. घरापुरते ठेवून बाकी सारे दूध संघाला घालायचे, साय काढलेले दूध घरी न्यायचे, नफा दुधाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, असा करार. कर्जाला मात्र साऱ्यांची एकत्रित हमी. हे नियम पाहून गावोगाव संघ निघाले. मत सर्वसाधारणपणे माणशी एक. गाई किती हे पाहून नव्हे.

कर्जाच्या कागदावर शेजाऱ्यासाठी सही करणे ही लहान गोष्ट नव्हे. शेजारी बुडाला तर आपली जमीन जाते. हे धैर्य आले कोठून? सायीच्या यंत्रातून ते खचित आले नाही. १८१४ च्या कायद्याने तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, त्यामुळे शेतकरी साक्षर होता. त्यापुढचे काम लोकविद्यालयांनी केले. धर्मोपदेशक व कवी ग्रुंटविग यांच्या विचारांतून पहिले लोकविद्यालय १८४४ साली रोडिंग येथे निघाले. १८५१ साली क्रिस्टेन कोल्ड या चांभाराच्या मुलाने फ्यून बेटावर आपले विद्यालय काढले. शेते गोठलेली असत त्या हिवाळ्यात तरुण तेथे येऊन राहत. मुलींचे वर्ग पुढे उन्हाळ्यात भरू लागले. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, भाषा, गाणी आणि चर्चा! युद्धानंतर रोडिंग प्रशियाकडे गेले, तेव्हा तेथील परंपरा नव्या सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्ह येथे १८६५ साली पुन्हा उभी राहिली.

लोणी काढणे या विद्यालयांनी शिकवले नाही. त्यांनी सभेत उभे राहून बोलायला, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकवले, आणि दूरदूरच्या गावांतील तरुणांची ओळख करून दिली. अर्थात चित्रात काळी बाजूही आहे. प्रारंभी तेथे येत ती बहुधा मध्यम शेतकऱ्यांची मुले. तुकडाभर जमीन असलेला कष्टकरी आणि शेतमजूर पुष्कळसा बाहेरच राहिला. त्यांच्यासाठी वेगळी विद्यालये निघाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी.

येडिंगचा संघ निघाला त्याच १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, ही त्यांची तक्रार. प्राथमिक शाळेत शेतीचे धडे असावेत, जमेल तेथे लहानशी नमुना शेतीही असावी, ही त्यांची मागणी. ती त्या वेळी मान्य झाली असती तर? इतिहासात 'तर'ला अर्थ नसतो. पण उणीव कशाची राहिली, हे त्यावरून कळते.

महाराष्ट्रात पुढे संघ आणि कारखाने पुष्कळ निघाले, आणि त्यांनी कामही मोठे केले. तथापि वार्षिक सभेत दोन एकरवाला सभासद उठून हिशोब विचारू शकतो काय, या प्रश्नावर सहकाराची खरी परीक्षा होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत असेच पीठ शेतकऱ्याच्या गावी मांडले जावे, आणि तेथे आपण बोलण्यापेक्षा त्याने बोलावे, एवढेच आमचे सांगणे आहे.