परतायला जमीन हवी

पर्यटन बसलं की माणसं शेतीकडे वळतात, असं आपण सहज बोलून जातो. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे मला अशा वाक्यापुढे 'कुठे? कधी?' असं विचारायची खोड आहे. म्हणून आज इंडोनेशियातल्या बाली बेटाची गोष्ट.

बालीला हा फटका नवा नव्हता. ऑक्टोबर २००२मधल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं गेली आणि हॉटेलं ओस पडली. पण २०२० साली करोनाने कहरच केला. २०१९ साली बासष्ट लाखांवर परदेशी पाहुणे आले होते. २०२१च्या अख्ख्या वर्षात शंभरही आले नाहीत!

बालीजवळच्या नुसा लेंबोंगान बेटावर १९८०च्या दशकापासून समुद्री शेवाळाची शेती होती. आईस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट करायला लागणारा पदार्थ या शेवाळापासून काढतात. पुढे पर्यटनाचा पैसा आला, शेवाळाचे भाव पडले आणि ही शेती जवळजवळ थांबली. २०२०मध्ये हॉटेलांतली आणि होड्यांवरची माणसं पुन्हा उथळ पाण्यात उतरली. भांडवल थोडं: खुंट, दोऱ्या आणि बियाण्याचे तुकडे. दीड महिन्यात पीक हाती. आणि मुख्य म्हणजे बांधायची रीत घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून येत होती.

मोठ्या बेटावरच्या भातशेतीचं मात्र इतकं सोपं नव्हतं. तिथे 'सुबक' नावाची पाणी वाटून घेण्याची जुनी पद्धत आहे, आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीची आठवण व्हावी अशी. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. पण दक्षिणेकडे कित्येक खाचरांवर तोवर बंगले उभे राहिले होते. शेत विकलेला वेटर नोकरी गेल्यावर परतणार कुठे?

मला यातून एवढंच कळतं: शेती माणसं सामावून घेते, पण जमीन, पाणी आणि हातातली विद्या शिल्लक असेल तरच. शिवाय ती पोटापुरतं देते, हॉटेलातल्या पगाराइतकं नाही. २०२४पर्यंत बालीत पाहुणे २०१९पेक्षाही जास्त झाले, म्हणजे हा धडा विसरायला सगळे मोकळे!

हे लिहायला कारण आहे. कोकणातली आमची सामाईक जमीन रिसॉर्टला द्यावी, असं भाऊबंदांत घाटतं आहे. पोरांनो, पर्यटन जरूर करा. दोन खोल्या बांधा, पाहुणे ठेवा. पण भाताचा मळा आणि विहीर तेवढी विकू नका. माझी सही हवी असेल, तर आधी यावर बोलू.