यकृतातील खडे : दुर्बीण की मोठा छेद?

पित्ताशयातील खडे सर्वांच्या परिचयाचे आहेत; पित्ताशय काढले की बहुधा प्रश्न मिटतो. यकृताच्या आतील पित्तनलिकांत होणारे खडे हा मात्र निराळा आणि चिवट आजार. चीन, तैवान, कोरिया या भागांत तो विशेष आढळतो. १९३० साली हाँगकाँगमधील शल्यविशारद डिग्बी यांनी त्याचे वर्णन केले होते. नलिका कोठेतरी अरुंद होते, पित्त साचते, त्यात जंतुसंसर्ग होऊन तपकिरी, ठिसूळ खडे तयार होतात आणि त्यांच्यामुळे नलिका आणखी आकसते. थंडी वाजून ताप, पोटदुखी व कावीळ यांचे झटके वर्षानुवर्षे येत राहतात. पुढे यकृताचा तो भाग सुकत जातो. पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून केवळ खडे काढून भागत नाही. अरुंद नलिकेसह यकृताचा रोगग्रस्त भाग काढावा लागतो.

तो दुर्बिणीतून काढल्यास रक्तस्राव कमी होतो, जखम चिघळण्याचे प्रमाण घटते, रुग्ण लवकर घरी जातो आणि खडे निघण्याचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेइतकेच राहते, असे बहुतेक तुलनात्मक अभ्यासांत दिसते. मात्र हे आकडे जपूनच वाचावेत. दुर्बिणीसाठी मुळातच सोपे रुग्ण निवडले जातात : खडे डाव्या बाजूस, यकृताच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत आणि पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली नाही, असे. सुदैवाने हा आजार डाव्या बाजूसच अधिक आढळतो. तेथील छोटा भाग दुर्बिणीने काढणे ही प्रस्थापित पद्धत मानावी, असे २००८ साली लुइव्हिल येथील तज्ज्ञ परिषदेने म्हटले. मोठ्या विच्छेदनांबाबत २०१४ च्या मोरिओका परिषदेनेही सावध भूमिका घेतली.

या आजारात अनेकांची आधी एक-दोनदा शस्त्रक्रिया झालेली असते. आतडी यकृताला चिकटलेली, नलिकांची रचना बिघडलेली, दाहामुळे ऊती सहज रक्ताळणाऱ्या. खडे दोन्ही बाजूंस असतील किंवा कर्करोगाची शंका असेल, तर मोठा छेद अनेकदा अधिक सुरक्षित ठरतो. उघड्या पोटात शल्यविशारदाला खडा बोटांनी चाचपता येतो; दुर्बिणीत ते काम सोनोग्राफी आणि नलिकेत शिरणारी बारीक दुर्बीण यांना करावे लागते. मध्येच दुर्बीण सोडून पोट उघडावे लागले, तर ते अपयश नव्हे.

एवढे करूनही काही खडे मागे राहतात. त्यासाठी पित्तनलिकेत ‘टी’ आकाराची नळी ठेवतात आणि काही आठवड्यांनी तिच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून ते काढतात, मग पहिली शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने झालेली असो.