कोटाच्या गुंड्यांची साक्ष

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, मेकन शहरच्या कापडगिरणीत १९०९ साली टिपलेले एक छायाचित्र आहे. दोन पोरे सूतकताईच्या यंत्रावर चढून उभी आहेत. तुटले सूत सांधायचे, रिकाम्या बॉबिनी बसवायच्या, आणि खालून हात तर पोचत नाही!

हे टिपणारा लुईस हाईन मूळचा शाळामास्तर. १९०८ पासून बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी तो गिरण्या-खाणी हिंडला. मालक आत घेत नसत. मग कधी आगीच्या बंदोबस्ताचा तपासनीस, कधी बायबल विकणारा बनून तो शिरे. पोराची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मापी, आणि खिशातल्या खिशात टिपून घेई. नुसत्या चित्राने दया उपजली असती. टिपणामुळे त्याचा पुरावा झाला. तरीही १९१६ चा कायदा १९१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. टिकणारा कायदा व्हायला १९३८ उजाडले.

आम्ही कामगार संघटनेत उमेद घालवली. कचेरीत संपांची, मोर्चांची छायाचित्रे पुष्कळ आहेत; पाठी मात्र कोऱ्या. ओळखणारे एकेक करून चालले. म्हणून विनंती एवढीच : घरची जुनी छायाचित्रे काढा, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, आणि मागे नावे लिहा.